तेंदू, मिरची, आफ्रिका : बाहेरून परतल्यावर आलेला ताप अंगावर काढू नका

मे महिन्यात तेंदूपत्त्याची फळी, म्हणजे जंगलात राहून पाने तोडण्याचे काम, आटोपते, माणसे घरी येतात आणि आठ-दहा दिवसांनी एखाद्याला कणकण वाटू लागते. घरातले निदान तयारच असते : ऊन लागले. मग कांद्याचा रस, कैरीचे पन्हे, डोक्यावर ओला दुपट्टा. ऊन लागणे काही खोटे नाही, चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. पण जंगलात पंधरा रात्री उघड्यावर झोपून आलेल्या माणसाचा ताप, रक्ताची तपासणी नाही म्हणत नाही तोवर, मलेरियाच धरायचा. पन्ह्यात जे दोन दिवस जातात, तेच अनेकदा महागात पडतात.

हे तेंदूपुरते नाही. जानेवारीपासून मिरची तोडायला तेलंगणात खम्मम, वरंगलकडे जाणारी कुटुंबे, बस्तरकडे रस्त्याच्या किंवा पुलाच्या कामावर गेलेले गडी, गडचिरोलीच्या भामरागड-एटापल्लीत बदली झालेले शिक्षक, वनरक्षक आणि पोलीस, गाडीवर माल घेऊन जाणारे ड्रायव्हर, आणि आता काँगो, नायजेरिया, टांझानियात खाणीवर किंवा बांधकामावर जाणारी वर्धा-यवतमाळकडची तरुण मुले, या सगळ्यांना हेच लागू आहे.

साधा ताप दोन दिवसांत जिवावर का उठतो

आपल्याकडे मलेरियाचे दोन जंतू मुख्य : व्हायवॅक्स आणि फाल्सीपेरम. व्हायवॅक्स माणसाला लोळवतो, पण क्वचितच मारतो. फाल्सीपेरमची गोष्ट वेगळी. तो तांबड्या पेशीत शिरतो, साधारण ४८ तासांत तिथे वाढतो, पेशी फोडून बाहेर पडतो आणि नव्या पेशी धरतो. प्रत्येक फेरीत जंतूंची संख्या कित्येक पटींनी वाढते. शिवाय त्याने धरलेल्या पेशी चिकट होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना जाऊन बसतात. मेंदूतल्या वाहिन्या तुंबल्या की झटके आणि बेशुद्धी, मूत्रपिंडातल्या तुंबल्या की लघवी बंद. काल चालत दवाखान्यात येऊ शकला असता, तो माणूस आज बाजेवरून उचलून आणावा लागतो तो यामुळे.

कोणाला जास्त धोका? जो मलेरियाच्या मुलखात नवा, त्याला. कायम तिथेच राहणाऱ्या मोठ्या माणसांच्या अंगात पुन्हा पुन्हा लागण होऊन थोडी प्रतिकारशक्ती आलेली असते. अमरावती, वर्ध्याहून गेलेल्याकडे ती नसते. आणि भामरागडचाच मुलगा चार वर्षे नागपुरात शिकून दिवाळीला घरी गेला, तर त्याचीही ती बरीचशी ओसरलेली असते. "मला लहानपणी दहा वेळा झाला, काही होत नाही" हे वाक्य इथे फसवते. पाच वर्षांखालची मुले, गरोदर बाया आणि सिकलसेलचे रुग्ण यांना तर कुठेच सूट नाही. सिकलसेलचा वाहक असलेल्याला गंभीर मलेरियापासून थोडे संरक्षण असते हे खरे, पण ज्याला प्रत्यक्ष आजार आहे त्याचे रक्त मलेरियात झपाट्याने उतरते. घरात सिकलसेलचे कार्ड असेल तर ते कामावर जाताना सोबतच ठेवा.

निघण्याआधी

पहिली वस्तू मच्छरदाणी, आणि तीही औषध भिनवलेली, जी आरोग्य विभाग मलेरियाच्या गावांत वाटतो. घरच्या साध्या जाळीत आणि तिच्यात मोठा फरक आहे. साध्या जाळीला हात किंवा टोंगळा टेकला की डास बाहेरूनच चावतो. औषधाच्या जाळीवर बसलेला डास मरतो किंवा पळतो. ती साधारण तीन वर्षे किंवा वीस धुण्यांपर्यंत काम देते. दर आठवड्याला सोड्याने चोळून धुतली तर वीस धुणी पाच महिन्यांतच संपतात. मळली की साध्या साबणाने हलक्या हाताने धुवा आणि सावलीत वाळवा. उन्हात टाकली की औषध उतरते. धुतलेले पाणी बोडीत किंवा नाल्यात टाकू नका, मासे मरतात.

दोन माणसांना एक, असा हिशोब धरा. घरात तीन जाळ्या आहेत म्हणून तिन्ही सोबत नेल्या आणि मागे म्हातारी नि नातवंडे उघडी राहिली, असे होऊ देऊ नका. जाळीसोबत सुई-दोरा आणि दहा मीटर सुतळी घ्या.

दुसरी गोष्ट प्रतिबंधक गोळ्या. मजुरीच्या फेऱ्यांसाठी त्या सरसकट दिल्या जात नाहीत, तिथे भर जाळीवर आणि लवकर तपासणीवर असतो. पण मलेरिया नसलेल्या भागातून जोखमीच्या भागात जाणाऱ्याने, आणि आफ्रिकेत जाणाऱ्याने तर हटकून, निघण्याच्या तीन-चार आठवडे आधी डॉक्टरांना विचारायलाच हवे. आपल्याकडची पद्धत अशी आहे :

मुक्काम सहा आठवड्यांपेक्षा कमी असेल तर मोठ्या माणसाला डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम, रोज एक. जाण्याच्या दोन दिवस आधी सुरू, तिथे असेपर्यंत रोज, आणि परतल्यावर पूर्ण चार आठवडे. ही गोळी जेवणानंतर भरपूर पाण्यासोबत घ्यायची आणि अर्धा तास आडवे व्हायचे नाही, नाहीतर अन्ननलिकेत जखम होते. दूध, लोहाची गोळी किंवा पित्ताचे औषध सोबत घेतले तर ती नीट लागू पडत नाही. तिच्याने कातडी उन्हाला नाजूक होते, म्हणून अंगभर कपडे आणि डोक्याला दुपट्टा हवाच. गरोदर बाया आणि आठ वर्षांखालची मुले यांना ही चालत नाही.

मुक्काम त्याहून लांबला तर मेफ्लोक्विन २५० मिलिग्रॅम, आठवड्याला एक. ही दोन आठवडे आधी सुरू करतात आणि परतल्यावर चार आठवडे चालू ठेवतात. फिट येणाऱ्याला, मानसिक आजार असलेल्याला किंवा हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असलेल्याला ती देत नाहीत. वाईट स्वप्ने, चक्कर, जीव घाबरा होणे असे काही झाले तर ते घरी असतानाच कळावे, हा दोन आठवडे आधी सुरू करण्याचा एक फायदा.

सगळ्यात जास्त चूक परतल्यानंतरच्या चार आठवड्यांत होते. घरी आलो, आता डास कुठला, म्हणून गोळ्या बंद. पण शेवटच्या रात्री चावलेल्या डासाचे जंतू आधी यकृतात दडतात, आठवड्याभराने किंवा त्याहून उशिरा रक्तात उतरतात, आणि या दोन्ही गोळ्या त्यांना रक्तातच मारतात. ते उतरतात तेव्हा रक्तात औषध नसेल तर आधीच्या सगळ्या गोळ्या वाया गेल्या.

आफ्रिकेत जाणाऱ्यांसाठी आणखी दोन गोष्टी. विमानासाठी घ्यावी लागणारी लस पिवळ्या तापाची असते, तिचा मलेरियाशी काही संबंध नाही. आणि पुण्यात तयार होणारी आर-२१ ही मलेरियाची लस मलेरियाच्या मुलखात वाढणाऱ्या लहान मुलांसाठी आहे, कामासाठी जाणाऱ्या मोठ्या माणसासाठी नाही. क्लोरोक्विन या मलेरियाच्या जुन्या गोळीच्या भरवशावर तर अजिबात राहू नका, फाल्सीपेरम तिला फार पूर्वीपासून दाद देत नाही.

मुक्कामाच्या जागी

मलेरियाचा डास, ॲनाफिलीस, अंधार पडल्यापासून पहाटेपर्यंत चावतो. डेंग्यूच्या डासासारखा तो दिवसा घरात घोंगावत नाही, त्यामुळे "इथे डासच नाहीत" असे वाटते. तो बऱ्यापैकी स्वच्छ पाण्यात वाढतो : बांधीतले पाणी, नाल्याचे संथ डबके, बोडीचा काठ, हातपंपाजवळचा खड्डा. झोपडी टाकताना पाणी जवळ हवे म्हणून आपण नाल्याच्या काठीच जागा धरतो आणि तिथेच सापडतो. पाणी आणायला दोनशे-तीनशे पावले जास्त चालावे लागले तरी झोपायची जागा काठापासून लांब ठेवा.

फळीवर जाळी बांधायला चार बांबू पुरतात. अंथरुणाच्या चार कोपऱ्यांवर कमरेएवढ्या उंचीचे बांबू रोवा, सुतळीने कोपरे ताणून बांधा आणि जाळीची कड गोधडीखाली चारही बाजूंनी दुमडा. नुसती खाली लोंबत ठेवली तर उपयोग नाही. रात्री लघवीला उठल्यावर परत येताना कड पुन्हा खोचायची, कारण जाळीत शिरलेला एक डास रात्रभर आतच राहतो. बोट जाईल एवढे भोक दिसले की त्याच संध्याकाळी शिवून टाका. जेवण आणि गप्पांची वेळ जाळीबाहेर जाते, तेव्हा पूर्ण बाह्या, पायजमा, आणि उघड्या अंगाला डास पळवणारे मलम. ट्यूबवर जितक्या तासांनी लिहिले असेल तितक्या तासांनी ते पुन्हा लावायचे, घामाने ते लवकर उतरते. कडूलिंबाचा धूर करा हवा तर, पण तो विरला की डास परत येतात. जाळीची जागा धूर घेत नाही.

ज्या गावात मुक्काम आहे तिथे भिंतींवर फवारणी झाली असेल, तर त्या भिंती सारवू नका, पोतेरा देऊ नका. पोट भरलेला डास भिंतीवर टेकतो तेव्हा तिथले औषध त्याला लागते. सणाच्या तोंडावर सारवलेली भिंत दिसते छान, पण फवारणी शेणामातीखाली गाडली जाते.

घरी आल्या दिवशी

कालनिर्णयवर परतल्याच्या तारखेला गोल करा. समजा २० मे. त्या गोलापासून पुढचा एक महिना सर्वात जोखमीचा. फाल्सीपेरमचा ताप बहुधा डास चावल्यापासून ७ ते १४ दिवसांत येतो, पण महिन्याने आणि कधी त्याहूनही उशिरा येऊ शकतो. प्रतिबंधक गोळ्या घेतल्या असतील तर आणखी लांबतो. म्हणून दुसरा गोल तीन महिन्यांवर, २० ऑगस्टला. या दोन गोलांमध्ये आलेला कुठलाही ताप त्याच दिवशी तपासायचा. व्हायवॅक्स यकृतात महिनोन्‌महिने झोपून राहतो, म्हणून पुढच्या तेंदूपर्यंत कधीही ताप आला तरी "मी बाहेर गेलो होतो" हे सांगायचे.

गावात कोण कुठून आले ही यादी आशाताईंकडे द्या. फळीवरून आलेल्या सगळ्यांची, ताप नसला तरी, तपासणी ठेवता आली तर उत्तम. ताप नसलेल्या माणसाच्या रक्तातही जंतू असू शकतात. गावचा डास त्याला चावला की रोवणीच्या दिवसांत तोच ताप घराघरांत फिरतो.

ताप आला : पहिले चोवीस तास

थंडी वाजून, घाम फुटून, एक दिवसाआड येणारा ताप हे पुस्तकातले चित्र झाले. फाल्सीपेरम ते पाळेलच असे नाही. ताप सतत राहू शकतो, नुसते अंग मोडून येऊ शकते, मुलांना उलट्या-जुलाबच आधी सुरू होतात. म्हणून थंडी वाजण्याची वाट पाहू नका.

आशाताई, उपकेंद्र किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र, जे जवळ असेल तिथे जा. पहिले वाक्य हे म्हणा : "मी अमक्या गावी होतो, अमक्या तारखेला परतलो." खाजगी दवाखान्यात तर हे न विचारता सांगा. मेमध्ये ऊन, सप्टेंबरात डेंग्यू किंवा व्हायरल, असे धरून चालणाऱ्यांच्या हातून मलेरिया निसटतो. प्लेटलेट मलेरियातही उतरतात, तेव्हा "प्लेटलेट कमी, म्हणजे डेंग्यू" एवढ्यावर समाधान मानू नका. स्क्रब टायफस, बारीक किड्याच्या चाव्याने येणारा ताप, हाही आपल्याकडे आहे. काखेत, जांघेत, कमरपट्ट्याखाली काळी खपली दिसली तर तीही डॉक्टरांना दाखवा.

तपासणी दोन प्रकारची. काचपट्टीवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, ही पक्की. हिच्यातून कोणता जंतू आणि किती, दोन्ही कळते. दुसरी किट : बोटातून टोचून रक्ताचा लहानसा थेंब, वरून औषधाचे थेंब, आणि किटवर लिहिलेल्या मिनिटांनंतर, बहुतेकात १५ ते २० मिनिटांनी, रेघा वाचणे. किटमध्ये काय चुकते ते जवळून पाहू. 'सी'ची, म्हणजे किट चालू असल्याची, रेघ आलीच नाही तर ती तपासणी बाद, नवी किट घ्यायची. रेघ फिकट असली तरी ती रेघच, तिला 'नाही' म्हणायचे नाही. तासाभराने पाहिलेली रेघ धरायची नाही. किटचे पाकीट बोट टोचायच्या अगदी आधी फोडायचे, अर्ध्या दिवसापूर्वी नाही, दमट हवेने पट्टी खराब होते. आणि आपल्या भागातली मोठी अडचण उष्णता. बहुतेक किट ३० किंवा ४० अंशांपर्यंतच टिकतात. मे महिन्यात गाडीच्या डिक्कीत दुपारभर राहिलेल्या किटचा भरवसा नाही. घरात सर्वात थंड कोपरा, माठाशेजारची सावली, ही तिची जागा. पाणी मात्र लागू देऊ नका.

एकदा 'नाही' आले म्हणजे सुटलो, असे नाही. सुरुवातीला जंतू कमी असतात. ताप चालूच असेल तर १२ ते २४ तासांनी पुन्हा आणि त्यानंतर आणखी एकदा, अशी दोन-तीन दिवसांत तीनदा तपासणी करा. उलट बाजूने, फाल्सीपेरमची किट उपचारानंतरही काही आठवडे 'आहे' दाखवते. त्यामुळे औषध लागू पडले की नाही हे किटने ठरवू नका, काचपट्टी लावा.

गोळ्या

डोस देणारे देतील. पण बरोबर दिला का आणि आपण बरोबर घेतला का, हे घरच्यांना ताडता यावे. व्हायवॅक्सला मोठ्या माणसासाठी क्लोरोक्विनच्या २५० मिलिग्रॅमच्या गोळ्या तीन दिवस ४-४-२ अशा, आणि प्रायमाक्विन १५ मिलिग्रॅम रोज, १४ दिवस. ताप चौथ्या दिवशी जातो आणि यकृतात झोपलेला जंतू मारणारे उरलेले प्रायमाक्विन डब्यात पडून राहते, म्हणून तोच ताप दोन-तीन महिन्यांनी परत येतो. फाल्सीपेरमला एसीटीच्या, म्हणजे आर्टेमिसिनिनच्या जातीचे औषध आणि दुसरे एक औषध अशा जोडीच्या, गोळ्या तीन दिवस, वय आणि वजनाप्रमाणे, आणि सोबत प्रायमाक्विनचा एकच डोस. गोळी घेतल्यापासून अर्ध्या तासात उलटी झाली तर तोच डोस पुन्हा घ्यायचा. पुन्हा उलटी झाली तर घरी थांबायचे नाही, कारण पोटात न टिकणारे औषध काम करत नाही.

प्रायमाक्विन गरोदर बाईला आणि वर्षाच्या आतल्या बाळाला देत नाहीत. गरोदरपणात मलेरियाची गोळीही महिना पाहून ठरते, म्हणून पाळी चुकली असेल तर आधीच सांगा. काहींच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाच्या घटकाची कमतरता असते. त्यांना प्रायमाक्विनने लघवी काळसर होते, डोळे पिवळे होतात. असे दिसले की गोळी बंद आणि लगेच दवाखाना.

तापासाठी पॅरासिटामॉल पुरते. कमरेत घेतलेली 'ताप उतरवणारी सुई' आणि त्यात मिसळलेले स्टेरॉइड ताप दाबते, जंतू वाढतच राहतात.

ही चिन्हे दिसली की गावात थांबायचे नाही

घरात या लक्षणांना वेगळीच नावे मिळतात, आणि त्या नावांमुळे वेळ जातो :

- बरळणे, माणूस न ओळखणे, झटके. याला 'बाहेरचे लागले' म्हणतात. पुजाऱ्यावर श्रद्धा असेल तर त्याला दवाखान्यात सोबत घ्या, पण रुग्णाला त्याच्या दारी नेऊन बसवू नका.
- डोळे पिवळे. कावीळ म्हणून झाडपाला सुरू होतो.
- लघवी चहासारखी काळी, किंवा दिवसभरात नावालाच. 'उन्हाळी लागली' म्हणतात.
- उठून बसता न येणे, काहीच पोटात न ठरणे, बाळाने दूध सोडणे.
- धाप लागणे, तळहात आणि पापण्यांच्या आत पांढरेफटक होणे, हिरड्यांतून रक्त.

यातले एकही दिसले की १०८ ला फोन. वाट पाहताना रुग्णाला कुशीवर ठेवा. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, दातांत चमचाही नाही. शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर साखरपाणी पाजत राहा, या आजारात रक्तातली साखर एकदम पडते, लहान मुलांची आणि गरोदर बायांची जास्तच.

मोठ्या दवाखान्याकडे निघण्याआधी वाटेतल्या आरोग्य केंद्रात एक प्रश्न विचारायचा : "आर्टिसुनेटचा पहिला डोस इथेच देता येईल का?" भामरागडहून गडचिरोलीला गाडीने निम्मा दिवस जाऊ शकतो, वाटेतल्या पर्लकोटा नदीला पूर आला की वाटच बंद होत आली आहे, आणि तेवढ्या वेळात जंतू थांबत नाहीत. हे इंजेक्शन मोठ्यांना किलोमागे २.४ मिलिग्रॅम, म्हणजे ५० किलोच्या माणसाला १२० मिलिग्रॅम. २० किलोखालच्या मुलांना किलोमागे ३ मिलिग्रॅम. पहिल्या डोसनंतर १२ तासांनी, मग २४ तासांनी आणि पुढे रोज. शिरेतून सोय नसेल तर ते मांडीत स्नायूतही देता येते. दिलेली वेळ आणि मात्रा चिठ्ठीवर लिहून घ्या, म्हणजे पुढच्या दवाखान्यात दुसरा डोस चुकत नाही. सलाईनच्या बाटल्यांवर बाटल्या मागू नका. गंभीर मलेरियात जास्त पाणी फुफ्फुसात भरते आणि धाप वाढते.

शुद्ध आली, जेवू लागला, की सुट्टीची घाई होते. इंजेक्शनने जंतू झपाट्याने कमी होतात, पण सगळे मरत नाहीत. त्यामागे एसीटीचा पूर्ण तीन दिवसांचा कोर्स लागतोच, नाहीतर दोन-चार आठवड्यांत ताप परत येतो. सुट्टीच्या कागदावर तो लिहिला आहे का, ते दारातून निघण्याआधी वाचून घ्या. आणि आर्टिसुनेट घेतलेल्या काहींचे रक्त बरे झाल्यावर एक ते तीन आठवड्यांनी अचानक उतरते. म्हणून चार आठवडे, दर आठवड्याला हिमोग्लोबिन तपासायचे : ७, १४, २१ आणि २८ व्या दिवशी. या तारखाही त्याच कालनिर्णयवर, पहिल्या गोलाच्या खाली लिहून ठेवा.